ओढलेला बार, तापवलेला बार

१ जुलै २०२५, मंगळवार

रविराज सरांनी आज सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली आणि मी ‘थँक यू सर’ म्हणाले. खोलीवर येऊन दोनदा चूळ भरली, तरी ते शब्द तोंडातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसले.

मी सणसवाडीच्या या कंपनीत नोकरीसाठी आलेली नाही. रविराजला इथून बाहेर पडताना बघायला आले आहे. हे कुणाला सांगता येत नाही. इथे एकदा नीट लिहून ठेवते.

शंभूदादा याच कंपनीत मिलिंग मशीनवर होता. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. दादा मेंढरांमागून थेट कारखान्यात आला, मोजमाप मशीनवरच शिकला, आणि जादा पाळ्या करून त्याने मला डिप्लोमा करू दिला. दोन वर्षांपूर्वी त्याने कीवे पाडलेले शाफ्ट वाकडे निघाले. कीवे म्हणजे चाक शाफ्टवर फिरू नये म्हणून चावी बसवायची लांब खाच; ती पाडताना शाफ्ट क्लॅम्पमध्ये आवळून धरतात. रविराज तेव्हाही प्रॉडक्शनचा प्रमुख होता. तो म्हणाला, ‘क्लॅम्प चुकीचा आवळला.’ विषय संपला.

इथे एक रीत आहे. ज्याच्या मशीनवर माल बिघडला त्याचं नाव हजेरीच्या दारावरच्या फळ्यावर लाल खडूने लिहितात, आणि दुसऱ्या कुणाचा माल बिघडेपर्यंत ते पुसत नाहीत. दादाच्या नशिबाने पुढे बरेच दिवस कुणाचंच काही बिघडलं नाही. तो रोज स्वतःच्या नावाखालून आत जायचा. शेवटी त्याला घरीच पाठवलं.

मग माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरांनी आम्हाला साच्यातून थंडच ओढून काढलेला एक चकचकीत पोलादी बार दिला आणि त्यात कीवे पाडायला लावली. क्लॅम्प सोडला तसा बार धनुष्यासारखा वर उचलला गेला. सगळी पोरं हसली. मला दादाचे शाफ्ट आठवले. दादाने कापलेले बार याच जातीचे होते. क्लॅम्प कसाही आवळला असता तरी ते वाकणारच होते. आणि बार निवडला होता रविराजने.

३ जुलै, गुरुवार

सुट्टी. वरवंडला घरी गेले. दादाने रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आहे, गेट आणि ग्रील बनवतो. अंगभर चंदेरी रंग उडालेला. शिट्टी वाजवत होता. मला बघून जास्तच जोरात वाजवली. मला कळतं ते. माणूस दुःख लपवतो तेव्हा असंच करतो.

“काय म्हणतीय कंपनी?” त्याने विचारलं.

“तुझा रविराज अजून तिथेच आहे.”

“माझा कशाला? सासरा हाय व्हय माझा?” तो हसला. “ते गेट धर जरा त्या बाजूनं. आमदाराच्या मेव्हण्याचं हाय, वाकडं बसलं तर शेड उचलून नेईल.”

मी गेट धरलं. म्हटलं, “दादा, मी त्याला सोडणार नाही.”

“धर म्हटलं, तर सोडायच्या गोष्टी करती. नीट धर.”

आई जेवताना म्हणाली, “शंभूला आता दोन येळा जेवायला जातंय. कंपनीत असताना ताट तसंच उठायचं.” आई बानूबाई साधी आहे. मुलगा जेवला की तिला सगळं भागलं.

८ जुलै

संधी आली. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

यवतचे एक कारखानदार गुऱ्हाळांना उसाचे चरक पुरवतात. त्यांची शाफ्टची मोठी ऑर्डर आली आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत माल द्यायचा आहे. प्रत्येक शाफ्टवर लांब कीवे, ती पण एकाच बाजूला. मालक बापूसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रविराज होता, आणि क्वालिटीकडून मी.

बापूसाहेब म्हणाले, “मला पोलादातलं कळत न्हाई, माणसातलं कळतं. एकच सांगा, कुठला बार जास्त ताकदीचा?”

रविराज म्हणाला, “साहेब, ताकदीला दोन्ही पुरतील. एक थंडच साच्यातून ओढून काढतात, त्या ओढण्याने त्याला ताकद येते. दुसऱ्याला तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताने तापवतात, तेव्हा ताकद येते.”

“मग भांडण कशात हाय?”

“ओढलेला बार वरून तयारच येतो. गुळगुळीत, मापात. लेथवर तासून घ्यावा लागत नाही, वेळ वाचतो. तापवलेला बार मात्र कटर फार खातो.”

“कटर खाणारं जित्राब आपल्याला नको. ओढलेला घ्या. पोरी, तुझं काय म्हणणं?”

वाक्य जिभेवर होतं. ओढलेल्या बारमध्ये ताकदीबरोबर ताणही कोंडलेला असतो. तो चारी बाजूंनी सारखा असतो तोवर बार सरळ दिसतो. एका बाजूने खाच पाडली की तोल गेला. हेच हवं असेल तर आधी भट्टीत हलका शेक देऊन ताण घालवून घ्या, नाहीतर तापवलेला बार घ्या. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “दोन्हींची ताकद तपासून रिपोर्ट देते साहेब.”

निवड त्याची. मीटिंगमध्ये, मालकासमोर, माझ्या कानांनी ऐकलेली. या वेळी फळ्यावर कुणाचं नाव येतं बघू.

९ जुलै

झोप नीट लागली नाही. मी खोटं बोलणार नाही, हे मी स्वतःला बजावलं आहे. रिपोर्टमध्ये एकही आकडा खोटा नसेल. जे विचारलं आहे ते तपासून देणं माझं काम. विचारलेली आहे ताकद.

१५ जुलै

पुण्याच्या प्रयोगशाळेतून तुकडे तपासून आले. दोन्ही बार खेचून तोडले. दोन्ही मागितलेल्या ताकदीच्या वर गेले. ओढलेला जरा कमी ताणून तुटला, पण हद्दीत. मी आकडे तीनदा पडताळले आणि ‘ताकदीला दोन्ही योग्य’ असं लिहून सही केली. सही करताना पेन अडखळलं, म्हणून दुसऱ्या कागदावर गिरवून बघितलं आणि मग स्वच्छ केली.

रविराजने रिपोर्ट उभ्याउभ्या वाचला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. सकाळपासून बापूसाहेबांचे फोन चालले होते, ‘बार कधी, बार कधी.’ त्याने रिपोर्ट मिटला, थांबला, आणि विचारलं, “प्रगती, आणखी काही? मला कॉलेज सोडून बारा-पंधरा वर्षं झाली. तू ताजी शिकून आलीस. काही सुटत असेल तर सांग.”

“नाही सर.”

“नक्की?”

“रिपोर्टमध्ये सगळं आहे सर.”

हे त्याचं नेहमीचं. नंतर म्हणायला मोकळा, की मी विचारलं होतं. दादाला तर विचारलंही नव्हतं. घरी आल्यावर मात्र मी ते पुन्हा पुन्हा आठवलं. ‘नाही सर’ हे खोटं झालं का? आणखी काही, म्हणजे ताकदीबद्दल आणखी काही. ताकदीबद्दल आणखी काहीच नव्हतं. खोटं नाही झालं.

२६ जुलै

बार आले. ट्रकमधून उतरवताना सगळे बघत होते, इतके चकचकीत. एक जण म्हणाला, “भांग पाडायला आरसा नको आता.”

मिलिंग मशीनवर आता दगडोबामामा आहेत. दादाच्या जागी. दादाला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, तेव्हा ते लेथवर होते. माझं आडनाव आणि चालणं बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. “तू शंभूची भन ना? त्योच बाक हाय चालण्यात. भिऊ नको, कुणाला सांगायचा न्हाई.” आणि खरंच कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या डब्यातली ठेचा-भाकरी रोज माझ्यापुढे सरकवतात.

आज त्यांनी एक बार हातात घेऊन फिरवला, नखाने टकटक केली, आणि मला बाजूला बोलावलं.

“पोरी, ह्यो बार शांत हाय ना?”

“म्हणजे?”

“मला काय कळतंय त्यातलं. चकाकी लई हाय, म्हणून इचारलं. शंभूच्या टायमाला बी असंच चमकत व्हतं.”

“रिपोर्ट पास आहे मामा.”

“तुझी सही हाय?”

“हो.”

“मग झालं की,” ते म्हणाले आणि बार ठेवून चहाला गेले. माझ्या सहीवर त्यांचा एवढा विश्वास बघून बरं वाटलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

वरवंडला गेले. दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं उड्या मारेल. तो ग्राइंडर बंद करून ऐकत राहिला.

“म्हंजी त्यांनी परत तसलाच बार घेतला?”

“घेतला. आणि मी काही बोलले नाही. आता वाकू देत. सगळ्यांसमोर वाकू देत. मालकच विचारतील, हा बार कुणी निवडला.”

“मशीनवर कोण हाय?”

“दगडोबामामा.”

दादाने रंगाचा ब्रश उचलला. डब्यात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

“मामाला सांगितलंस?”

“त्यांना सांगितलं तर ते लगेच जाऊन बोलतील. मग सगळंच फिसकटेल.”

“परगे, मामाला सांग.”

“तू फार मऊ आहेस दादा. म्हणूनच तुझ्यावर ठपका बसला.”

तो पुन्हा ग्राइंडरकडे वळला. बसमध्ये मला त्याचा फार राग आला. ज्याच्यासाठी करायचं त्यालाच आच नाही. निघताना आईने विचारलं, तुमचं काय बिनसलं. मी म्हटलं, काही नाही.

११ ऑगस्ट

शाफ्टची टोकं लेथवर करून झाली. उद्यापासून कीवे. जेवण गेलं नाही.

१२ ऑगस्ट

वाकले.

पहिल्या शाफ्टचा क्लॅम्प सोडला तेव्हा मी मुद्दाम तिथे उभी होते. कॉलेजात बघितलं होतं तसंच झालं. आवाज काहीच नाही. बार नुसता सुटकेचा श्वास सोडल्यासारखा मधून उचलला गेला. दगडोबामामांनी वाक मोजायचा डायल लावला, काटा गरकन फिरला. त्यांनी डायल काढून शर्टाला पुसला आणि परत लावला. दुसरा शाफ्ट घेतला. तोही. तिसऱ्याला त्यांनी क्लॅम्प अगदी हलक्या हाताने आवळला, लहान मुलाला अंघोळ घालताना धरतात तसा. तोही वाकला.

रविराज धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी तो नीट बघून घेतला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो चेहरा.

मग बापूसाहेब आले. आता विचारतील, बार कुणी निवडला.

त्यांनी विचारलं, “कुणाच्या मशीनवर?”

मग रविराज हळू आवाजात म्हणाला, “दगडोबाच्या. क्लॅम्पिंग बघावं लागेल साहेब.”

“एवढ्या वर्षांचा माणूस आन् क्लॅम्प आवळता येईना?” बापूसाहेब दगडोबामामांना म्हणाले. “म्हातारपण घरी करायचं, कंपनीत न्हाई.”

मामा म्हणाले, “साहेब, म्या क्लॅम्प—” आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी क्वालिटीत आहे, मी काही बोलेन म्हणून. मी विचार करत होते की अजून चौकशी व्हायची आहे, चौकशीत निवडीचा विषय निघेलच.

संध्याकाळी सुटलो तेव्हा फळ्यावर लाल खडूने ‘दगडोबा, मिलिंग’ लिहिलेलं होतं.

१३ ऑगस्ट

चौकशी झालीच नाही. मामांना सांगितलं, कळवल्याशिवाय येऊ नका. त्यांनी कपाटातून डबा आणि चष्मा घेतला. जाताना दारात थांबले. फळ्यावरचं नाव वाचत होते. त्यांना वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे मागे खोळंबले.

मी जाऊन माझा रिपोर्ट उघडून बसले.

दुपारभर हिशेब मांडला. मी आता बापूसाहेबांकडे जाऊन सांगितलं की दोष बारचा, तर ते विचारतील, तुला कसं माहीत? मग विचारतील, कधीपासून माहीत? रविराज माझा रिपोर्ट काढेल. त्यावर त्याची निवड कुठेच नाही, माझी सही आहे. मी ज्या काळजीने एकही खोटं लिहिलं नाही, त्याच काळजीने मी त्याला मोकळा सोडला आहे.

आणि नाही सांगितलं तर रविराज असाही मोकळाच.

तिसरी वाट शोधत राहिले. निनावी फोन करावा. आत्ताच नेटवर सापडलं असं म्हणावं. प्रत्येक वाटेत मामा परत येत होते आणि मी सुटत होते, आणि प्रत्येक वाट खोटी होती.

दादाचा फोन. “बोललीस का?”

“विचार करतेय.”

“तवा माझ्या बाजूनं एक जण बोलला असता ना,” तो म्हणाला, “तर म्या हितं गेट रंगवत नसतो. गेट रंगवायला मला आवडतंय, ती गोष्ट येगळी. पर मामाला गेट रंगवता येत न्हाई.”

त्याने फोन ठेवला. मला पहिल्यांदा वाटलं की शिट्टी ही कदाचित नुसती शिट्टी असेल.

१६ ऑगस्ट, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी बापूसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “साहेब, दोन बार कापून दाखवायचे आहेत. एक ओढलेला, एक तापवलेला. त्याच मशीनवर, तसाच क्लॅम्प. आणि कापणार दगडोबामामाच.”

“म्हातारा कशाला?”

“त्यांच्यावर ठपका आहे, म्हणून त्यांनीच कापायचं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक माणसातलं कळत असेल त्यांना थोडं. गाडी पाठवली.

मामा आले. आधी ओढलेला बार लावला, खाच पाडली, सोडला. वाकला. मग प्रयोगशाळेत तुकडा तोडून उरलेला तापवलेला बार लावला. कटर ओरडला, निळसर गरम छिलके उडाले, दोनदा थांबून धार बघावी लागली. क्लॅम्प सोडला. बार जागचा हलला नाही. मामांनी डायल लावला. काटा जरासा हलला आणि थांबला.

सगळं वर्कशॉप भोवती जमलं होतं. मी सांगितलं, ताण कोंडलेला कसा असतो, एका बाजूने कापल्यावर काय होतं. “दोष क्लॅम्पचा नाही. दोष निवडीचा आहे,” मी म्हणाले आणि रविराजकडे बघितलं. त्या क्षणाचं सुख मी नाकारणार नाही. तो बाराकडे बघत होता, डायलकडे बघत होता, आणि त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. तो मला लहान दिसला. मला वाटलं, दादा इथे हवा होता.

मग रविराजने विचारलं, “प्रगती, हे तुला कधी कळलं?”

काल रात्री, असं म्हणता आलं असतं. उत्तर ओठांवर तयार होतं. मामा मशीनजवळ उभे होते, हातात डायल.

“कॉलेजात,” मी म्हणाले. “शेवटच्या वर्षी स्वतः कापून बघितलं होतं.”

“म्हणजे रिपोर्ट दिलास तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“मी तुला विचारलं होतं. आणखी काही, असं.”

“हो सर. विचारलं होतं.”

बापूसाहेब म्हणाले, “आरं तिच्यायला.” एवढंच.

रविराजने माझं आडनाव उच्चारलं, पहिल्यांदाच ऐकतोय असं. “शंभू तुझा कोण?”

“सख्खा भाऊ.”

त्याने त्या वाकलेल्या बारावरून बोट फिरवलं. “तेव्हाही हाच प्रकार असेल,” तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. माफी पण नव्हती. मग स्वतः दारापर्यंत चालत गेला आणि हाताच्या तळव्याने मामांचं नाव पुसलं. तळवा लाल झाला. खडू उचलला. सगळे बघत होते, मीही. त्याने खडू परत खोबणीत ठेवला आणि आपल्या केबिनमध्ये गेला.

माझं नाव त्याने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी त्याचा निवांत द्वेष करू शकले असते.

निकाल असा: ओढलेले उरलेले बार परत जाणार, तापवलेले येणार. मामा सोमवारपासून कामावर. मला लेखी ताकीद. बापूसाहेब मला काढणार होते, पण रविराज म्हणाला, ‘राहू दे साहेब, खरं बोलली.’ त्याच्या शब्दावर मी इथे राहिले. हे लिहितानाही दात आवळले जातात.

मामांशी बोलायला गेले. ते मशीन पुसत होते. मी म्हटलं, “मामा, मला वाटलं नव्हतं तुमच्यावर येईल.”

ते म्हणाले, “व्हय.” आणि पुसत राहिले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दादाने सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, “मामाला किती दिवस घरी बसवलं?”

मी सांगितलं. म्हटलं, “रविराजची सगळ्यांसमोर उतरली की नाही? त्याला कळलं की नाही तुझी चूक नव्हती?”

“कळलं आसंल.”

“मग?”

“मग काय? गावात कोण इचारतंय आता? म्या इसरलोय.” तो गेटच्या जाळीतून माझ्याकडे बघत होता. “एक काम कर. माझ्यासाठी केलं म्हणू नको कुणाला. मामाला तर अजिबात न्हाई.”

“कुणासाठी केलं म्हणू मग?”

“ते तुझं तू बघ,” तो म्हणाला. वाईट आवाजात नाही. पण मग त्याने शिट्टी वाजवली नाही. मी असेपर्यंत तरी नाही.

२५ ऑगस्ट

तापवलेले बार आले. काळपट, खवल्यांचे. बघायला काहीच नाही त्यांच्यात. लेथवर घेऊन मापात आणले आणि आजपासून कीवे.

मी तपासणीच्या टेबलावर होते. मिलिंगवरून निरोप आला, “म्याडमना बोलवा.” मला वाटलं काही बिघडलं. धावत गेले. दगडोबामामांनी बार लावला होता, क्लॅम्प आवळला होता, मशीन बंद. हात मागे बांधून उभे.

“काय झालं मामा?”

“काय न्हाई. आदी बोला, मग मशीन चालू करतो.”

“काय बोलू?”

“वाकंल का न्हाई. सगळ्यास्नी ऐकू जाईल आसं.”

लेथवाले, ग्राइंडरवाले, सगळे थांबून बघत होते. कुणी हसत नव्हतं. मी म्हटलं, “बहुतेक वाकणार नाही.”

“बहुतेकवर मशीन चालत न्हाई, म्याडम.”

मला खरं तेच बोलायचं होतं. बार पुरवणारे तापवल्यानंतर तो सरळ करतात, तेव्हा त्यातही थोडा ताण राहू शकतो. हे सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली, हात मागेच. शेवटी मी बाराला हात लावला, मोठ्याने म्हणाले, “हा वाकणार नाही. वाकला तर माझी चूक.”

“ऐकलं का रं?” त्यांनी सगळ्यांना विचारलं, आणि मशीन चालू केलं. बार वाकला नाही. मी टेबलाकडे वळले तर मागून पुन्हा हाक, “म्याडम.” दुसरा बार लावलेला होता.

मला ‘पोरी’ म्हणायचे ते. डबा आज त्यांनी एकट्याने खाल्ला.

दिवसभर हेच चाललं. प्रत्येक बाराला जायचं, हात लावायचा, मोठ्याने म्हणायचं. दुपारी रविराज त्या बाजूने गेला. त्याने बघितलं, थांबला, पुढे गेला. मी त्याच्यासाठी जे ठरवलं होतं, ते थोडंफार असंच होतं, सगळ्यांसमोर आणि रोज.

२९ ऑगस्ट

आजही तेच. आवाज बसला आहे. लेथवाल्यांना आता सवय झाली, ते थांबतही नाहीत. मामा मात्र थांबतात. मी बोलेपर्यंत मशीनला हात लावत नाहीत. माल एकही बिघडलेला नाही. बापूसाहेब म्हणाले, चालू द्या, क्वालिटी वाढली आपली.

सुटायच्या आधी मी मामांजवळ गेले. शेवटचा बार लावत होते. म्हटलं, “मामा, तुमची चूक नव्हती. माझी होती. मी हजारदा म्हणेन. पण हे असं किती दिवस चालायचं?”

त्यांनी क्लॅम्प आवळला, हाताने हलवून बघितला, जरा सैल केला, परत आवळला. मग हात मागे बांधून माझ्याकडे वळले.

“तुमी किती दिस गप व्हता, म्याडम?”

मी बारावर हात ठेवला. ते वाट बघत होते.